वस्तीत बीपीसाठी कॅम्प लावावा का, की आम्ही चार जण मिळून आणखी काही करू शकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वस्तीत बऱ्याच लोकांना बीपी आहे, गोळ्या मनात आलं तर घेतात, डॉक्टरकडे जायचं म्हटलं की दिवसाची मजुरी बुडते, मग मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी काय करावं, कॅम्प लावला तर भागेल का. मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते. इंदूरला परदेशीपुऱ्याकडे राहते, जुना मिलचा एरिया, आणि आमच्या भजनी मंडळातल्या बायका काही वर्षांपासून हे करतायत, तेवढ्या जोरावर लिहिते.

कॅम्प लावायचा तर लावा, पण त्यात सगळी ताकद घालवू नका. कॅम्पमध्ये होतं काय तर मांडव, बॅनर, बॅनरवर नगरसेवकाचा हसरा फोटो, लाइन लावून शंभर जणांचं बीपी मोजायचं, ज्याचं जास्त निघालं त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची "डॉक्टरांना दाखवा" आणि संध्याकाळी खुर्च्या परत. ती चिठ्ठी घरी देवाच्या फोटोमागे खोचली जाते आणि तिथेच पिवळी पडते. मोजणं सोपं आहे हो, मशीन कोणीही दाबतं. खरी गडबड दुसऱ्या महिन्यात होते, गोळ्यांची पहिली पट्टी संपते आणि दुसरी आणायला कोणी जात नाही, कारण काही दुखतच नाही ना! गुडघा दुखला तर माणूस स्वतः औषध मागतो, बीपीत तसं नाही, त्यामुळे आठवण करून देणारं कोणीतरी बाहेरचं माणूस लागतं, आणि ते काम तुम्ही चार जण डॉक्टरपेक्षा चांगलं करू शकता कारण तुम्ही त्याच गल्लीत राहता.

आमची एक साधी वही आहे, दोनशे पानी. नाव, तारीख, बीपी, गोळी कोणती, आणि शेवटचा रकाना "गोळी कधी संपणार". माझ्या मते आख्ख्या वहीत कामाचा रकाना तोच. भजन झालं की मशीन बाहेर निघतं, ज्यांची पट्टी या आठवड्यात संपतेय त्यांची नावं मोठ्याने वाचतात, आणि जी आलीच नाही तिच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी जातं, चहा पिऊन येतं. ओरडायचं नाही, नुसतं विचारायचं की का नाही आलात. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं, मालकीण सुट्टी देत नाही, सून माहेरी गेलीय, किंवा मग "आता बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली". हे शेवटचं सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्यांना सांगावं लागतं की काकू, नॉर्मल आलं ते गोळीमुळे आलं, कमी-जास्त करायचं ते डॉक्टर करतील, आपण नाही.

दुसरं कारण म्हणजे गोळीचा रंग. आधी पट्टी लाल होती, या वेळी निळी मिळाली, म्हणजे औषध चुकीचं, असं ठरवून ठेवून देतात. आमच्याकडे नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या एक मावशी आहेत, त्या एकदा बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या, त्यात तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या पट्ट्या. मंडळातल्या एकीची मुलगी फार्मसी शिकतेय, तिने मागचं बारीक अक्षर वाचलं तर दोन पट्ट्यांवर नावं वेगळी पण आत एकच औषध, अम्लोडिपीन, आणि मावशी दोन्ही रोज घेत होत्या, पाय सुजले म्हणून रडकुंडीला आलेल्या. आम्ही स्वतः काही बंद केलं नाही, डबा तसाच उचलून डॉक्टरांकडे नेला. तेव्हापासून नवीन कोणी आलं की आधी त्याचा डबा बघायचा, बीपी नंतर. पाय या औषधाने तसेही कोणाकोणाचे सुजतात, पण तेवढ्यासाठी मनानेच सोडून देऊ नये, डॉक्टर बदलून देतात.

आता औषध आणायचं कुठून, तर सरकारी दवाखाना, संजीवनी क्लिनिक, आयुष्मान आरोग्य मंदिर, जे जवळ असेल ते. २०१७ च्या शेवटी केंद्र सरकार, आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) वगैरेंनी मिळून बीपीचा एक कार्यक्रम सुरू केला, सुरुवातीच्या पाच राज्यांत आपलं मध्य प्रदेशही होतं आणि महाराष्ट्रही. त्याची आयडिया मला फार आवडते, प्रत्येक डॉक्टरने आपल्या मर्जीने वेगळं औषध न लिहिता सगळीकडे ठरलेली दोन-तीन स्वस्त औषधं पायरीपायरीने, म्हणजे अम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, आणि पेशंटला एका खेपेला तीस दिवसांच्या गोळ्या. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात आमच्या लोकांना एका ठिकाणी आठ-दहा दिवसांच्याच मिळत होत्या, आणि दर दहा दिवसांनी मजुरी बुडवून कोण जाणार? मग मंडळाच्या बायका एकत्र गेल्या, भांडायला नाही, वही घेऊन, की सिस्टर बघा एवढे पेशंट आमच्या दोन गल्लीतले, यांना महिन्याभराच्या लागतात. एकट्या म्हातारीला जे मिळत नाही ते वहीला मिळतं. स्टॉक संपला असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं अगदी थोड्या पैशांत मिळतात, आमच्याकडे त्यासाठी दहा-दहा रुपयांची एक छोटी भिशीच आहे म्हणा ना. तुमच्या आशा ताईला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म तिला तसाही भरायचा असतो, तुमच्या वहीने तिचंही काम हलकं होतं.

हे सगळं आमच्याच डोक्यातून निघालंय असं नाही. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यांत मोठा प्रयोग झाला, २०२० मध्ये छापून आला, तिथे आशा ताईंसारख्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन बीपी मोजायच्या, समजवायच्या आणि जास्त असेल त्यांना ट्रेनिंग दिलेल्या डॉक्टरांकडे पाठवायच्या. दोन वर्षांनी तिथल्या लोकांचं वरचं बीपी बाकीच्या गावांपेक्षा सरासरी ५ ने जास्त उतरलं. चीनमध्ये गावातल्या वैद्यांनाच ठरलेली औषधं द्यायची मुभा आणि ट्रेनिंग दिलं, तिथे दीड वर्षात १०० पैकी ५७ जणांचं बीपी १३०-८० च्या खाली आलं, बाकीच्या गावांत २०. म्हणजे गोळी दाराजवळ आली की फरक पडतो.

पुरुषांचं काय, तर ते भजनाला येत नाहीत आणि आले तरी बायकांसमोर दंडाला पट्टा बांधून घेत नाहीत. त्यांच्यासाठी न्हाव्याचं दुकान बघा, मजा नाही करत. अमेरिकेत लॉस एंजेलिसला ५२ सलूनमध्ये हे करून बघितलं, २०१८ ला छापून आलं. अर्ध्या सलूनमध्ये न्हावी फक्त सांगायचा की बाबा डॉक्टरकडे जा, मीठ कमी कर, तिथे वरचं बीपी सहा महिन्यांत ९ ने उतरलं. बाकीच्या अर्ध्यांत फार्मासिस्ट सलूनमध्येच येऊन औषध सुरू करायचा, तिथे २७ ने. नुसतं लेक्चर देणाऱ्या मंडळींनी हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवावेत. आपल्याकडे फार्मासिस्टला तसं औषध लिहिता येत नाही, पण आमच्या कोपऱ्यावरच्या दादाच्या दुकानात रविवारी मशीन ठेवतो आणि ज्याचं जास्त येतं त्याला सोमवारी कोण घेऊन जाणार ते तिथल्या तिथे ठरवतो.

मोजताना मात्र घाई नको. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर, बोलायचं नाही (बायकांच्या घोळक्यात हे सगळ्यात कठीण), अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवी लागली असेल तर आधी जाऊन या म्हणायचं. मिनिटभराने परत मोजायचं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा वेगळा घ्या आणि मनगटाचं मशीन घेऊ नका. एकदा १४०-९० च्या वर आलं म्हणून कोणाला पेशंट ठरवायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत बघायचं. पण १८०-१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातात जोर नसणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि १०८ लावा. आणि पोटुशी बाई असेल आणि १४०-९० आलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल, तिचं प्रकरण वेगळं असतं.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर इंदूरमध्ये सेव बंद करा म्हणणाऱ्याला लोक दारातूनच परत पाठवतील. पोह्यांवर सेव, सेवेवर जीरावन म्हणजे आमचा खारट मसाला, वर कचोरी. आम्ही मिठाच्या पुडीवर तारीख लिहायला सांगतो, फोडली त्या दिवशीची. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली मीठ असावं असं डब्ल्यूएचओ म्हणतं, म्हणजे चार माणसांच्या घरात किलोची पुडी किमान पन्नास दिवस गेली पाहिजे, आणि सेव-पापड-लोणच्यातलं मीठ त्यातच धरलं तर त्याहून जास्त. आमच्याकडे पहिल्यांदा तारखा बघितल्या तेव्हा कोणाच्याच घरी पुडी महिनाभरही गेली नव्हती! मग बायका आपसातच लावतात की तुझी किती दिवस गेली, भाषणाची गरजच पडत नाही. ते पोटॅशियमवालं "कमी सोडियमचं" मीठ मात्र किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

टेन्शन घेऊ नका हे वाक्य मी आता कोणाला म्हणत नाही. ज्या एरियात मिल बंद पडून थकलेले पैसे मिळायला माणसांचं अर्धं आयुष्य गेलं तिथे हे सांगायला तोंड लागतं. त्यापेक्षा विचारा की अंगदुखीची गोळी किती खाता. हमाली, पॅकिंग, धुणीभांडी करणारे लोक मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन रोजच्या रोज आणून खातात आणि त्याने बीपी वर जातं, बीपीच्या गोळीचा असरही कमी होतो, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. वहीत याचाही एक रकाना ठेवा.

सुरुवातीला एकच गल्ली घ्या, सगळी वस्ती नको, आणि वही एकीच्याच हातात राहू देऊ नका नाहीतर ती गावाला गेली की सगळं ठप्प. मशीन वर्षातून एकदा क्लिनिकमध्ये नेऊन त्यांच्या मशीनशी जुळवून बघा.