विचार थांबत नाहीत म्हणून ध्यान सोडू नका

प्रश्न : मी ४३ वर्षांची, ठाण्यात राहते, फोर्टला बँकेत नोकरी. डबे, लोकल, सासूबाईंची पथ्यं, मुलाची दहावी. हल्ली मुलावर आणि यांच्यावर फार ओरडते आणि मग रात्रभर मनाला खात राहतं. म्हणून झोपण्यापूर्वी पलंगावर मांडी घालून वीस मिनिटं ध्यान सुरू केलं. विचारांचा नुसता धुमाकूळ, पायाला मुंग्या, नाहीतर सरळ झोप. दोनदा तर श्वासाकडे लक्ष देताना गरगरलं. मैत्रीण म्हणते, इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जाऊन ये. माझ्या मनाला हे जमणारच नाही का?

ताई,

जमेल. तुमच्या मनात काही खोट नाही. रात्रीची वेळ, मऊ पलंग आणि वीस मिनिटं, या तिन्ही गोष्टी नवशिक्याला जड जातात. त्या बदलू.

आधी विचारांचं. बसल्यामुळे ते वाढलेले नाहीत. दिवसभराच्या धावपळीत ते जाणवत नव्हते, आता जाणवू लागलेत. लक्ष श्वासावर ठेवायचं, ते सुटतं, सुटलंय हे कळतं, परत आणायचं. ध्यान म्हणजे एवढंच, आणि खरा सराव होतो तो ‘सुटलंय’ हे कळतं त्या क्षणी. आठ मिनिटांत तीसदा सुटलं आणि तीसदा परत आणलं, तर ती बैठक वाया गेलेली नाही. मुलावर आवाज चढवण्याआधी ‘आपला आवाज चढतोय’ हे कळणं, ही तीच सवय. तुम्हाला हवी आहे ती हीच, म्हणून मला तुम्ही हे सोडू नये असं मनापासून वाटतं.

वेळ सकाळची घ्या. अंघोळ झाल्यावर, चहाच्या आधी, फक्त आठ मिनिटं. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला जोडलं की वेगळं आठवावं लागत नाही. यांना स्पष्ट सांगा, की तेवढा वेळ गॅस आणि दारावरची बेल त्यांच्याकडे. फोन फ्लाइट मोडवर, टायमरचा आवाज मंद. संध्याकाळीच जमत असेल तर जेवणाआधी बसा. भरल्या पोटी पेंग येते.

मांडीचा हट्ट नको. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घ्या, तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकवू नका, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. गुडघे खुब्यांपेक्षा किंचित खाली हवेत. नसतील तर बुडाखाली चादरीची चार बोटं जाड घडी घ्या. गुडघे वर राहिले की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि पाचव्या मिनिटाला दुखू लागतं. मुंग्या येतात त्या मांडीत पायाच्या नसांवर दाब पडल्यामुळे. आल्या तर सोसत बसू नका, पाय हलवा. बधिर पायावर झटकन उभं राहिलं तर पडायला होतं.

आता गरगरण्याचं. लक्ष द्यायचं म्हणून तुम्ही श्वास मुद्दाम खोल आणि भराभर ओढत असाव्यात. तसं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा थोडा घटतो आणि डोकं हलकं होतं. श्वास आहे तसा राहू द्या, आखूड असला तर आखूड. नाकपुड्यांच्या कडेला हवेचा स्पर्श होतो तिथे लक्ष ठेवा. श्वास सोडताना मनात एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत मोजून पुन्हा एकवर या. मोजणी चुकली की लगेच एकपासून. का चुकली याचा शोध घेत बसू नका. दहाच्या पुढे गेलात, तरी लक्ष सुटलं होतं असंच समजा. छाती आवळल्यासारखी वाटली तर श्वासाकडे लक्ष देणं थांबवा, डोळे उघडा आणि तळव्यांना लागणारी फरशी अनुभवा. नाक चोंदलं असेल त्या दिवशी पोटाच्या हालचालीकडे लक्ष द्या.

परतीच्या लोकलमध्ये गर्दीत उभं असताना दोन स्टेशनांच्या दरम्यान तळव्यांचं हेच भान ठेवा, डोळे उघडे ठेवून. आणि घराचं दार उघडण्याआधी, किल्ली हातात असताना, तीन साधे श्वास. आठ मिनिटांची बैठक एखाद्या दिवशी बुडली तरी हे तीन श्वास बुडवू नका.

फायदा किती? २०१४ साली ध्यानावरच्या ४७ वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता आणि उदासी थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी झाल्याचं दिसलं, पण औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरलं नाही. म्हणून चालू असलेली कुठलीही गोळी ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका. शिवाय या वयात चिडचिडीमागे थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन किंवा रजोनिवृत्तीआधीचे बदलही असू शकतात. डॉक्टरांना दाखवून तपासण्या करून घ्या. आणि डबे, पथ्यं, अभ्यास हे सगळं एकटीच्या अंगावर असेल, तर ते सोसण्याची ताकद वाढवण्यासाठी ध्यान करू नका. कामं वाटून घ्या.

इगतपुरीच्या धम्मगिरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात, शुल्क घेत नाहीत. पण पहाटे चारला उठायचं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं, बोलणं आणि फोन बंद, आणि पहिले तीन दिवस फक्त श्वास. आज आठ मिनिटं जड जाणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये. दोन महिने खुर्चीवर रोज बसा, मग पंधरा मिनिटांवर या. त्यानंतरही जावंसं वाटलं तर मुलाची परीक्षा झाल्यावर अर्ज भरा. पूर्वी पॅनिक अटॅक किंवा नैराश्याचा त्रास झाला असेल तर तो अर्जात लपवू नका, आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा.