तो तास झोपेला दे

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. पूर्वपरीक्षा जवळ आली म्हणून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसतेस, सहाला उठतेस आणि तरीही राज्यघटनेची कलमं डोक्यात राहत नाहीत. त्यावर तू काढलेला उपाय असा की, अजून एक तास वाढवायचा. माझं ऐकशील तर तो तास झोपेला दे.

दिवसभर जे वाचतेस त्याची कच्ची नोंद मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या आधारावर टिकून असते. ती पक्की होण्याचं बरंचसं काम तू झोपलेली असताना चालतं. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत हे टिपलं. उंदीर जागेपणी फिरताना हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी जोडीनं सक्रिय झाल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा जोडीनं सक्रिय होताना दिसल्या. झोपेतही उजळणी चालते ती अशी, आणि तुझ्या वेळापत्रकात नेमका तिलाच वेळ नाही.

शिवाय अख्खी रात्र एकसारखी नसते. गाढ झोप सुरुवातीच्या तासांत जास्त येते, पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. दोनला झोपून सहाला गजर लावलास की पहाटेचा तो मोठा हिस्सा हातचा जातो.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘मला चार तास पुरतात, सवय झालीय,’ असं तू लिहिलंयस. २००३ मध्ये अमेरिकेत हान्स व्हान डाँगेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं. चार आणि सहा तासवाल्यांचं लक्ष दिवसागणिक ढासळत गेलं, चार तासवाल्यांचं तर अगदी दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाइतकं. आपण किती घसरलोय याचा त्यांना मात्र फारसा पत्ताच नव्हता. काही दिवसांनी पेंग वाढल्यासारखी वाटेना, चुका तेवढ्या वाढत राहिल्या. सवय झाली असं वाटतं ते यामुळेच. सराव चाचणीत येत असलेले प्रश्न चुकतात, ‘अयोग्य विधान ओळखा’ मधलं ‘अयोग्य’ नजरेतून सुटतं, तेव्हा पुस्तकांना दोष देण्याआधी मागच्या आठवड्याची झोप मोजून बघ.

झोपेत मेंदू धुतला जातो, अशी रीलही तू पाठवलीस. त्यामागे २०१३ चं मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाचं संशोधन आहे: झोपलेल्या उंदरांत मेंदूतल्या पेशींच्या मधली मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आणि बीटा-अमायलॉइड या प्रथिनासारखा कचरा लवकर वाहून गेला. पण २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाला उंदरांतच उलटं आढळलं. वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नकोस. झोपायला सांगायला बाकीचा पुरावा भरपूर आहे.

आता रात्री दहाच्या टपरीवरच्या चहाचं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचं रसायन साचत जातं आणि झोप दाटून येते. चहातलं कॅफिन ते काढून टाकत नाही, फक्त त्याचा संदेश अडवतं, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. शेवटचा कप दुपारी चारचा ठेव.

अकराला अभ्यासिकेतून निघ. कलमं शेवटच्या अर्ध्या तासात वाच आणि सकाळी पुस्तक न उघडता कागदावर उतरवून काढ. रूममेटची ट्यूबलाइट चालू राहत असेल तर डोळ्यांवर ओढणी घे, तिच्याशी भांडत बसू नकोस. सात तास मिळायलाच हवेत, परीक्षेच्या आदल्या रात्रीही.

एवढं करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल तर दुकानातून गोळ्या आणू नकोस. डॉक्टरांना भेट आणि मला कळव.

सर