आईची उंची ४ सेंटिमीटरने घटली आहे. याचा हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशी खरंच संबंध असतो का?

संबंध आहे, पण उंची घटल्यामुळे हृदय बिघडतं असा त्याचा अर्थ नाही. तंबाखू, बसून राहणं, वाढतं वय, अशी दोन्हींमागची बरीच कारणं सारखीच असतात.

आमचं घर गुहागरजवळ. स्वयंपाकघरातल्या शिंकाळ्याला आईचा हात पुरेना, तेव्हा आम्ही दोरी लांबवली आणि विषय तिथेच सोडला. पाठ दुखायची. वाडीतल्या सुपाऱ्या वेचून लचक भरली असेल म्हणून तेल चोळत राहिलो. दीड वर्षाने एक्स-रे काढला तर दोन मणके चेपलेले. त्याच दिवशी रक्तदाब १८०च्या वर निघाला. त्याआधी कित्येक वर्षं तो कुणी मोजलाच नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या २,४०६ स्त्रियांचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. दहा-तेरा वर्षांत ज्यांची उंची २ सेंटिमीटरहून जास्त घटली, त्यांच्यात पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. वय, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही. भरपूर हालचाल करणाऱ्या बायकांची उंची मात्र कमी घटली होती. ब्रिटनमधल्या पुरुषांच्या २००६च्या अभ्यासातही ३ सेंटिमीटर किंवा जास्त घट झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

आधी उंची नीट मोजा. सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, आणि अंबाडा सोडायला सांगा. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दिवसभरात कमी होतं, त्यामुळे संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर बुटका भरतो. तरीही तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर कमी भरली, तर मणका चेपलाय का हे पाहायलाच हवं. पाठीचा एक्स-रे आणि हाडांची डेक्सा तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. त्याच फेरीत रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही. मणका चेपलेला निघाला तर वाकून जड उचलणं बंद, घागरसुद्धा नाही.

आणि त्या मिश्री लावतात का, हे प्रेमाने विचारा. आपल्याकडे बायका मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी 'नाही' म्हणतात. माझ्या आईनेही तेच सांगितलं होतं. ती सुटायला आठ महिने लागले.