शेवटचा आल्याशिवाय उठायचं नाही

तुझा मेसेज तीनदा वाचला. राजगडावरून अळू दरवाज्याने उतरलात, तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगरसोंडेला लागलात, आणि तू दुपारीच तोरण्याच्या बुधला माचीवर. बाकीचे तिघं अंधार पडता पडता पोचले. गडावरच्या मेंगाईच्या देवळात रात्रभर कुणी तुझ्याशी धड बोललं नाही, सकाळी सगळे वेल्ह्यात उतरून घरी. आता विचारतेस, 'काका, पुढे रायगडापर्यंत यांच्याबरोबर जाऊ की नवा ग्रुप बघू?'

तुझी चाल चांगली आहे. ते कुणी विचारलं नव्हतं.

फाट्यावर शेवटचा आल्याशिवाय उठायचं नाही. आणि तो आला की लगेच सॅक पाठीला लावायची नाही. तुम्ही वीस मिनिटं सावलीत बसून चिक्की खाता, तो धापा टाकत येतो, तुम्ही म्हणता 'चला'. दिवसभरात त्याला एक विसावा मिळत नाही. संध्याकाळी परत तोच मंद! तोरणा १,४०३ मीटर आहे, पण माणूस त्या उंचीने दमत नाही, सोंडेवरच्या चढउतारांनी दमतो.

डिसेंबर १९९४, हीच सोंड. आम्ही चौघं, मी पुढे. मागच्या मित्राच्या बुटाचा तळ निघालेला, सुतळीने बांधलेला. एका जागी ढोरवाट कारवीत शिरून खाली जाते. तिथे मी थांबलो नाही, तो त्या वाटेने गेला. ग्रुपमधला एकुलता एक टॉर्च माझ्या सॅकमध्ये. सकाळी सापडला तेव्हा दोन्ही हात ओरबाडलेले, आणि विचारलं काय, तर 'चहा राहिलाय का?' त्यानंतर तो कधी ट्रेकला आला नाही.

मी पाणी बघायला पुढे गेलो होतो, असं आजवर सांगत आलोय. सोंडेवर पाणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, राजगडावरच बाटल्या भरल्या होत्या. पण उजेड आहे तोवर सरपण गोळा करायला कुणीतरी पोचायला हवंच होतं की नाही? हवं होतं. फाट्यावर थांबूनही पोचलो असतो. असो.

नवा ग्रुप कशाला? तिथेही कुणीतरी शेवटचा असणारच. आणि रायगडाकडे जाताना मोहरी गावाहून बोराट्याची नाळ, म्हणजे ती उभी घळ, उतरणार असशील तर ऐक, तिथे पायाखाली सुटे धोंडे. पुढे पळणारा खाली असतो, मागच्याच्या पायाने सुटलेला धोंडा त्याच्याच अंगावर येतो. तिथे तरी थांबशील ना, बाई? एकमेकांना चिकटून उतरा, नाहीतर आडोशाला उभं राहून वरचा खाली येऊ द्या.

त्या तिघांना आजच फोन कर. माफीबिफी नको, तारीख विचार. जानेवारीतली असेल तर मलाही धरा. डावा गुडघा उतारावर कुरकुरतो, मी मागेच असेन. चिक्की माझ्याकडे.