प्रत्येक खात्याचे लॉक वेगळे

प्रश्न: मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत बँक खात्याचा एक क्लास लिहिला असून, पैसे जमा करणाऱ्या मेथडला ‘सिंक्रोनाइझ्ड’, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे लॉक, लावले आहे. सर्व खात्यांवरील व्यवहारांची एकूण संख्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवली असून तीही याच मेथडमध्ये एकाने वाढते. अनेक थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) चालवले की प्रत्येक खात्याची शिल्लक बरोबर येते, एकूण संख्या मात्र कमी भरते. लॉक असूनही असे का व्हावे?

उत्तर: ‘सिंक्रोनाइझ्ड’ हा शब्द मेथडच्या नावाआधी लिहिला जात असल्यामुळे लॉक त्या मेथडलाच लागते, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात जावातील प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःचे लॉक असते आणि स्टॅटिक नसलेली सिंक्रोनाइझ्ड मेथड ज्या ऑब्जेक्टवर बोलावली जाते, त्याचेच लॉक घेते. एकाच खात्यावर दोन थ्रेड आले, तर दुसऱ्याला थांबावे लागते, म्हणून शिल्लक बिघडत नाही. पण ते दोन वेगळ्या खात्यांवर आले, तर प्रत्येकाला आपापले लॉक मिळते आणि दोघेही एकाच वेळी आत शिरतात. स्टॅटिक व्हेरिएबल मात्र दोघांत मिळून एकच आहे. संख्या वाढवणारी ओळ दिसायला एक असली, तरी तिच्यात वाचणे, मिळवणे आणि परत लिहिणे अशा तीन पायऱ्या आहेत. दोन्ही थ्रेडनी ४० वाचले, तर दोघेही ४१ लिहितात आणि एक व्यवहार मोजणीतून निसटतो.

यासाठी सर्व खात्यांत मिळून एकच असा प्रायव्हेट, स्टॅटिक, फायनल ऑब्जेक्ट ठेवून ती ओळ त्याच्यावरील सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये घालता येईल. प्रश्न निव्वळ मोजणीचा असल्याने २००४ मध्ये जावा ५ सोबत आलेला ‘ॲटॉमिकलाँग’ (या तिन्ही पायऱ्या मध्ये न तुटता एकसंध करणारा क्लास) इथे अधिक योग्य, असे माझे मत आहे. संख्या ‘इंटिजर’ प्रकारची करून तिच्यावरच लॉक लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. किंमत वाढताच ते व्हेरिएबल दुसऱ्याच ऑब्जेक्टकडे वळते आणि पुढचा थ्रेड भलतेच लॉक घेतो.

शिल्लक वाचणारी मेथडही तपासून पाहा. वाचणाऱ्याने तेच लॉक घेतले नाही, तर दुसऱ्या थ्रेडने लिहिलेली नवी किंमत त्याला दिसेलच, अशी हमी जावा देत नाही.

एका खात्यातून दुसऱ्यात पैसे वळते करणारी मेथड लिहाल, तेव्हा दोन लॉक लागतील. दोन थ्रेड उलट दिशांनी निघाले, तर एकेक लॉक धरून ते एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू शकतात. म्हणून पैसे कोणत्याही दिशेने जावोत, लहान खाते क्रमांकाचे लॉक आधी घ्यावे.