स्कोपने सेकंद मोजायला जाऊ नका

प्रश्न: टेलिकॉमच्या भंगारातला एक जीपीएसडीओ सेकंडहँड घेतलाय, म्हणजे आतला क्रिस्टल उपग्रहाच्या वेळेवरून सतत सुधारत राहतो तो डबा. त्याचा दर सेकंदाचा पीपीएस पल्स स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) कधी दिसतो कधी गायब, आणि कर्सर लावून दोन पल्समधलं अंतर बघितलं तर सेकंदापेक्षा १८ मायक्रोसेकंद जास्त येतंय. फसलो का मी?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: डब्याला नावं ठेवू नका, १८ मायक्रोसेकंद बहुतेक तुमच्या स्कोपचेच आहेत. स्वस्तातल्या स्कोपचा टाइमबेस, म्हणजे त्याचं आतलं घड्याळ, २५ पीपीएमपर्यंत (दहा लाखात २५ भाग) इकडेतिकडे असतो, म्हणजे एका सेकंदात २५ मायक्रोसेकंद, आणि लॉक झालेला, म्हणजे उपग्रहाच्या वेळेला नीट जुळलेला डबा त्याच्या कितीतरी पट अचूक असतो, तेव्हा इथे तुम्ही डबा नाही तर स्कोप तपासलात, तोही फुकटात :)

पल्स गायब होतो कारण काही डब्यांचा पल्स जेमतेम १० मायक्रोसेकंदांचा असतो आणि टाइमबेसची सेटिंग (पडद्यावरच्या एका चौकटीचा वेळ) २०० मिलिसेकंदांवर ठेवली की तो दोन सॅम्पलच्या मधेच निसटू शकतो. ट्रिगर (चित्र कधी उमटवायचं ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून नॉर्मलवर घ्या, लेव्हल साधारण १ व्होल्ट, टाइमबेस ५ मायक्रोसेकंद, मग सेकंदासेकंदाला टकटक दिसेल. प्रोबची ती लांब काळी ग्राउंड क्लिप लावू नका, कडेवर जी थरथर दिसते ती बऱ्याचदा तिचीच असते, सरळ बीएनसी केबल लावा आणि स्कोपच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) घालून ५० ओहमचा टर्मिनेटर, व्होल्टेज निम्मं झालं तर घाबरू नका, तसंच होतं.

आता खरी टेस्ट. डब्याच्याच पीपीएसवर ट्रिगर करून त्याचीच, क्रिस्टलकडून येणारी १० मेगाहर्ट्झ वेव्ह बघायची आणि ती स्थिर आहे म्हणून खूश व्हायचं, असं बरेच जण करतात (मीही केलंय, दोन दिवस मिरवलो होतो), पण पुष्कळ डब्यांत पीपीएस त्याच क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सीला भागून काढलेला असतो, मग क्रिस्टल वाट्टेल तसा भरकटला तरी चित्र हलणारच नाही. वेगळं एक साधं जीपीएस मोड्यूल आणा, त्याचा पीपीएस चॅनेल १ ला देऊन त्यावर ट्रिगर करा, डब्याची १० मेगाहर्ट्झ चॅनेल २ ला, टाइमबेस २० नॅनोसेकंद, पर्सिस्टन्स (जुन्या रेषा पडद्यावर ठेवणारी सोय) चालू. वेव्ह मागेपुढे २०-३० नॅनोसेकंद नाचली तर चालतं, मोड्यूल आपला पल्स स्वतःच्या क्लॉकच्या टिकवरच सोडू शकतं म्हणून तेवढा खेळ राहतो. पण एकाच दिशेने सरकत गेली तर मोबाइलवर वेळ लावा. एक पूर्ण वेव्ह म्हणजे १०० नॅनोसेकंद, तेवढं सरकायला १०० सेकंद लागले तर चूक एक पीपीबी (शंभर कोटीत एक भाग), म्हणजे लॉक नीट नाही.

केबल मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद खाते, पण तो फरक कायम तेवढाच राहतो, सरकण्याशी त्याचा संबंध नाही. आणि हे सगळं अँटेना गच्चीवर नेऊन, डबा रात्रभर चालू ठेवून सकाळी करा, ओव्हनमधला (क्रिस्टल एकसारखा गरम ठेवणारी डब्यातली पेटी) क्रिस्टल थंड असताना मोजलंत तर परत मलाच पत्र लिहाल.