पावसाळ्यात इंदूरजवळच्या जंगलात एक रात्र तंबूत काढायची असेल, तर कोणता तंबू घ्यावा? तंबू चांगला असला की भिजण्याचा प्रश्न उरत नाही ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात संपते. तंबू दुहेरी घ्यावा, म्हणजे आतला जाळीचा आणि वरचे आच्छादन जवळजवळ जमिनीपर्यंत येणारे. तळाच्या कापडाची जलरोधकता किमान ३००० मिलिमीटर असावी, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते न पाझरता सोसते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नेमक्या याच समजुतीपायी आमच्या घरात इतकी वर्षे माझ्या तंबूची बदनामी चालू आहे.

२०१३ च्या श्रावणात मी, माझे भावोजी आणि दोन भाचे असे चौघे इंदूरजवळच्या महूहून मीटरगेज गाडीने कालाकुंडला उतरलो, स्टेशनावर पळसाच्या पानावरचा कलाकंद खाल्ला आणि सागाच्या जंगलातून तीन तास चालत एका परिचित शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचलो. भावोजींना तंबू ओढ्याकाठी हवा होता, कारण तिथे पाण्याची सोय होती. मी ठाम नकार दिला. या भागात थोड्याशा मातीखाली काळा कातळ आहे, त्यात पाणी मुरत नाही. वर महूच्या पठारावर सर पडली की खाली कोरड्या उन्हातही ओढा फुगतो. महूजवळच्या पाताळपाणी धबधब्यावर जुलै २०११ मध्ये माणसे वाहून गेली, ती अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात. अखेर तंबू वर लागला, पण भावोजींनी त्याखाली स्वतः आणलेली निळी ताडपत्री अंथरली, तीही चारी बाजूंनी वीतभर बाहेर ठेवून, तंबूला चिखल लागू नये म्हणून.

रात्री मुसळधार पाऊस झाला. आच्छादनावरून ओघळलेले पाणी ताडपत्रीच्या बाहेर राहिलेल्या कडेवर पडले, तिथून तंबूखाली शिरले आणि परातीत साचावे तसे साचले. जिथे कोपर किंवा गुडघा टेकला, तिथे तळातून ओल वर आली. दोनच्या सुमारास भावोजी उठून बसले आणि म्हणाले, "तुझा तंबू गळतो." सकाळी मी छत कोरडे असल्याचे दाखवले, तळाखाली हात घालून पाणी दाखवले, पण जावयाचा शब्द खोडण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि आईने तर तंबू स्वस्तातला असणार, असा निकाल परस्पर देऊन टाकला. ओढ्याकाठची ती जागा त्या सकाळी कमरेइतक्या पाण्याखाली होती, हे मात्र पंगतीत कोणी काढत नाही. पुढे मी घराच्या गच्चीवर तोच तंबू दोनदा लावून नळीने पाणी मारले. ताडपत्री बाहेर ठेवल्यावर तळ भिजला, आत दुमडल्यावर कोरडा राहिला. त्यावर भावोजींचे म्हणणे असे की गच्ची म्हणजे जंगल नव्हे.

तेव्हा ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सर्व बाजूंनी चार बोटे लहान ठेवावी किंवा आत दुमडावी. पाऊस असला तरी वरची झडप थोडी उघडी ठेवावी, अन्यथा श्वासाची वाफ आच्छादनाच्या आतून थेंब धरते आणि ती गळती वाटते. माळव्याची काळी माती भिजली की खुंट्या धरत नाही, म्हणून त्या लांब घ्याव्यात आणि दोऱ्यांवर दगड ठेवावेत. सागाखाली तंबू लावू नये. पाऊस थांबल्यानंतरही ती मोठी पाने बराच वेळ ठिबकत राहतात.

हे आधीच लिहायला हवे होते: वनविभागाच्या परवानगीशिवाय राखीव जंगलात मुक्काम करू नये, आम्ही खाजगी शेतात होतो. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, त्यामुळे जाळीची चेन पूर्ण लावूनच झोपावे. आणि ताडपत्री अंथरली जात असताना विजेरी मीच धरली होती, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो; तथापि तंबू गळला नव्हता.